छपाईतल्या अडचणी : शाई ऐकत नाही तेव्हा

प्रश्न : चाररंगी शीटफेड (सुट्या कागदांवर छापणाऱ्या) ऑफसेट मशीनवर मॅजेन्टाची एक की (आपल्या पट्ट्यातली शाई कमी-जास्त करणारी कळ) कन्सोलवर शून्य दाखवते, तरी त्या पट्ट्यात रंग गडदच येतो. मोटर बदलावी का?

उत्तर : एवढ्यात मोटर मागवू नका. एका कीचा पट्टा साधारण 30 ते 35 मिमी रुंद असतो, पण ऑसिलेटर रोलर आडवे सरकत ती शाई शेजारीही पसरवतात. शेजारच्या दोन्ही कीज बऱ्यापैकी उघड्या असतील, तर मधली मिटलेली असूनही तिथे रंग येणारच. आधी त्या दोन्ही थोड्या खाली घेऊन पाहा.

तरी फरक पडला नाही, तर डक्ट (शाईचं भांडं) रिकामा करा. ब्लेडच्या (डक्टच्या तळाची, शाईचा थर ठरवणारी पट्टी) धारेखाली आणि कीच्या टोकाशी वाळलेल्या शाईचा थर बसला असेल, तर की पूर्ण मिटत नाही. तुमच्या डक्टला फॉइल (कीजवर अंथरलेला पातळ पडदा) असेल तर ती उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक पडलं तरी शाई खाली उतरते आणि कीच्या यंत्रणेत वाळून बसते. घडी पडलेली किंवा फाटलेली फॉइल सरळ बदला, चिकटपट्टी लावून निभावू नका.

सफाई झाली की ती की कन्सोलवरून 0 वरून 50 वर आणि परत 0 वर न्या. हुकूम देऊनही की जागची हलत नसेल, तर दोष मोटरमध्ये, वायरमध्ये किंवा कपलिंगमध्ये. की हलते, पण स्थितीचा आकडा अडकतो किंवा उड्या मारतो, तर पोटेन्शियोमीटर (कीची स्थिती मोजणारा भाग) गेला. दोन्ही ठीक असतील, तर शून्य सरकलं आहे आणि कॅलिब्रेशन करावं लागेल. त्यासाठी सगळ्या कीज शून्यावर घेऊन डक्ट रोलर (डक्टमधून शाई घेणारा रोलर) फिरवा. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, अगदी पातळ थर राहिला पाहिजे. रोलर कोरडा ठणठणीत दिसेपर्यंत कीज आवळायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यानं ब्लेड रोलरवर घासतं आणि पडलेले चरे पुन्हा भरून येत नाहीत.

प्रश्न : सुरुवातीला रंग बरोबर असतो. काही हजार शीटनंतर फिका पडतो. शाई वाढवली की टोनिंग (कोऱ्या जागेवर शाईची फिकट झाक) येतं, प्लेटवरचं पाणी वाढवलं की पुन्हा फिका.

उत्तर : आधी डक्टमध्ये डोकावा. शाई भरपूर दिसते, पण तिचा घट्ट गोळा होऊन डक्ट रोलरपासून ती मागे सरली असेल, तर रोलरला शाई मिळतच नाही. स्पॅट्युलानं घोळून पाहा. रंग लगेच सुधारला, तर अ‍ॅजिटेटर लावा किंवा ठरावीक वेळानं शाई हलवत राहा.

तसं नसेल, तर शाईत पाणी मुरतंय. अशा वेळी शाई वाढवणं म्हणजे आजार पोसणं! पाणी हळूहळू कमी करत जा. प्लेटच्या कडेला स्कम (कोऱ्या जागेवर धरलेली शाई) दिसू लागला की तिथून किंचित वर आणा. पाण्याची खरी जागा तीच. मग फाउंटन सोल्यूशन (प्लेट ओली ठेवणारं पाण्याचं मिश्रण) तपासा. नेहमीच्या आम्लधर्मी सोल्यूशनचा पीएच 4.8 ते 5.3 च्या आसपास हवा. कंडक्टिव्हिटीचा (वीजवाहकतेचा) आकडा एकटा काही सांगत नाही. ताजं सोल्यूशन केल्यावर ती मोजून लिहून ठेवा. टाकीतला आकडा त्यापेक्षा हजारभर मायक्रोसीमेन्सनं वाढला, तर टाकी रिकामी करून नवं भरा. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घातल्यानं कंडक्टिव्हिटी उतरते, म्हणून दोन्ही मोजमापं आयपीएच्या सारख्याच प्रमाणावर घ्या.

शेवटी रोलर. फॉर्म रोलर (प्लेटला शाई लावणारा रोलर) प्लेटवर टेकवून शाईचा पट्टा उमटवून घ्या. रुंदी मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे आणि दोन्ही टोकांना सारखी हवी. एका टोकाला 3 आणि दुसऱ्याला 6 मिमी आला, तर कीज कितीही फिरवा, रंग स्थिर राहणार नाही. रबर चकचकीत, गुळगुळीत झालं असेल तर ग्लेझ (रबरावर साचलेला कडक थर) बसला आहे. तो साध्या वॉश-अपनं निघत नाही, डीग्लेझर वापरा.

प्रश्न : लेटरहेडसारख्या कमी शाईच्या जॉबला सगळ्या कीज 3-4 वर येतात आणि रंग सतत वरखाली होतो.

उत्तर : डक्ट रोलरचा स्वीप (तो दर वेळी किती फिरतो ते) कमी करा आणि कीज थोड्या जास्त उघडा. शून्याजवळ कीच्या केसभर हालचालीनंही रंगात मोठा फरक पडतो. शीटवर कापून जाणारी जागा असेल, तर प्लेटवरच तिथे सॉलिड पट्टे घ्या. जुनी, पाणी प्यालेली शाई त्यातून निघून जाते आणि रोलरवर ताजी येत राहते. आणि की बदलल्यावर लगेच पुढचं शीट ओढून निकाल लावू नका. बदल सगळ्या रोलरमधून खाली उतरायला शे-दीडशे शीट जातात.

प्रश्न : मोठ्या सॉलिडमध्ये वरच्या चौकटीची फिकट सावली उमटते.

उत्तर : हे मेकॅनिकल घोस्टिंग. कीजनं जाणार नाही. जमलं तर जॉब 90 अंशात फिरवून लावा, नाहीतर ऑसिलेटर रोलरच्या आडव्या सरकण्याचं अंतर किंवा त्याची सुरुवात बदलून पाहा.

प्रश्न : मशीनवर डेन्सिटी (शाईच्या गडदपणाचं माप) जुळवली, दुसऱ्या दिवशी शीट नमुन्यापेक्षा फिकं.

उत्तर : ओली शाई चमकते, म्हणून डेन्सिटी जास्त दिसते, वाळली की उतरते, अनकोटेड कागदावर विशेष. नमुना वाळलेला असेल, तर डेन्सिटोमीटरला पोलरायझिंग फिल्टर लावून मोजा. तो नसेल, तर त्याच कागदावर त्याच शाईचं एक शीट ओलं असताना आणि वाळल्यावर मोजा आणि जेवढा फरक येईल तेवढी डेन्सिटी मशीनवर जास्त धरा.