हुआंगलोंगला जाताय? आधी उंचीचं बघा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आणि चीनच्या सिच्वान प्रांतातल्या हुआंगलोंग या रंगीत कुंडांच्या खोऱ्यातलं सगळ्यात वरचं पंचरंगी कुंड साडेतीन हजारांच्या वर. त्यामुळे पैसे वाचतात किंवा वेळ वाचतो म्हणून थेट विमानाने तिथे उतरू नका. तो विमानतळच जवळपास ३,४५० मीटरवर आहे. प्रांताची राजधानी चेंगडूहून टप्प्याटप्प्याने जा, मध्ये एक मुक्काम कराच. बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोकं ठणकलं, मळमळलं तर हट्ट न करता खाली उतरायचं.

वर केबल कारने जा, उतरताना लाकडी पायवाटेने चाला. रंग नीट दिसतात ते या उतरणीवर. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, चुना काठावर साचतो आणि पिवळसर बांध तयार होतात. एकाच पाण्याचं एक कुंड निळं, शेजारचं हिरवट! खोली, ऊन आणि शेवाळ यांचा हा खेळ. घाई करू नका, वाकून बघा. पण पाण्यात हात-पाय मात्र घालू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, हिवाळ्यात बरीच कुंडं कोरडी पडतात. शाकाहारी असाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्याच.