खांबाला बांधलेला चोर आणि सहा तासांचं घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा: जळगावात उडता येणारा, गोळी न लागणारा एक मुखवटेवाला सुपरहिरो आहे. रात्री साडेनऊला सराफ बाजाराजवळ मोटारसायकलवरचे दोघं एका मावशींची मंगलपोत ओढतात. हा मागे बसलेल्याला हवेत उचलतो, दोन ठोसे देतो, पोत मावशींच्या हातात ठेवतो, चोराला विजेच्या खांबाला बांधतो आणि उडून जातो. याच्यावर गुन्हा दाखल होईल का?

होईल, भाऊ. पण उडल्याबद्दल नाही, बांधून निघून गेल्याबद्दल.

उडण्याचं आधी उरकून टाकू. कायद्याच्या व्याख्येत विमान म्हणजे हवेच्या आधारावर तरंगणारं यंत्र. उघडं अंग यंत्र नाही. जेट लावलेला सूट चढवला तर मात्र नोंदणी, परवाना सगळं मागे लागेल. ड्रोनचे नियम लावता येत नाहीत, कारण ड्रोनमध्ये माणूस बसलेला नसतो.

आता खरा मुद्दा. सामान्य माणसाला अटकेचा अधिकार आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये. अटी मात्र कडक. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, आणि अजामीनपात्र हवा. पोत हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 खाली तसा गुन्हा आहे. गुन्हा तुमच्यासमोर घडलेला हवा. आपला हिरो भुसावळला बसून जळगावातली किंकाळी ऐकून आला असेल तर ‘समोर’ कशाला म्हणायचं यावर वकील दोन तारखा सहज काढतील, कारण ऐकीव माहितीवर खासगी अटक चालत नाही. आणि पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. सहा तासांची ही मर्यादा 1 जुलै 2024 पासून आली. जुन्या कायद्यात तासांचा आकडा नव्हता. खांबाला बांधून उडून जाणं म्हणजे ताब्यात देणं नव्हे. तिथे अटक संपते आणि न्याय संहितेचं कलम 127, बेकायदा डांबून ठेवणं, सुरू होतं. उचलून सरळ जवळच्या ठाण्यात उतरवलं असतं तर हा भाग स्वच्छ राहिला असता.

ठोशांचं गणित वेगळं. दुसऱ्याचा जीव आणि माल वाचवण्याचा हक्क न्याय संहितेचं कलम 35 देतं, पण कलम 37 सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा नको. स्वसंरक्षण सोन्याच्या काट्यावर तोलू नये असं न्यायालयं म्हणत आली आहेत, सराफ बाजारात हे वाक्य शोभतंही. मात्र ही सवलत घाबरलेल्या माणसाला आहे. ज्याला गोळी लागत नाही त्याने ‘मी घाबरलो’ म्हणून चालणार नाही. मावशींच्या जिवाची भीती होती एवढंच म्हणता येईल. पहिला ठोसा त्यात बसेल. चोर आडवा पडल्यावरचा दुसरा नाही. त्याने हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत, कलम 117, सात वर्षांपर्यंत. शक्ती जितकी जास्त तितकी ‘गरज’ लहान होत जाते, हे सुपरहिरोचं खरं दुखणं आहे.

चोराविरुद्धची केस मात्र बुडते ती मालामुळे. पोत परत देणं दिसायला छान, पण मग पंचांसमोर जप्ती कशाची करणार? चोराच्या हातून माल मिळाल्याचा पुरावाच गेला. पोत चोराच्या मुठीतच राहू द्यायची, पोलिसांनी पंचनामा करायचा, मावशींना ती कोर्टाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे माल सांभाळायची लेखी हमी देऊन, परत मिळते. दुकानाच्या सीसीटीव्हीचं फुटेज घ्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत हवं, नाहीतर तेही लटकतं.

चोराला पाण्याच्या टाकीवरून उलटं टांगून साथीदाराचं नाव काढलं तर? त्यात इजा झाली की कलम 120, कबुलीसाठी दुखापत, पुन्हा सात वर्षांपर्यंत. मन वाचता येत असेल तरी कोर्टात उपयोग शून्यच धरा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सेल्वी प्रकरणात संमतीशिवाय नार्को आणि ब्रेन मॅपिंग घटनाबाह्य ठरवलं. मन वाचणं त्यापुढे किस झाड की पत्ती.

एका ठिकाणी मात्र कायदा हिरोच्या बाजूने आहे: महामार्ग. रावेरहून केळी घेऊन निघालेला ट्रक उलटला, याने केबिन फाडून ड्रायव्हर काढला आणि त्यात ड्रायव्हरचा हात मोडला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ निःस्वार्थ मदतनिसाला फौजदारी, दिवाणी दोन्हींतून वाचवतं. पण बक्षीस मागितलं की हे संरक्षण गेलं.

राहिला मुखवटा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 122 रात्री तोंड झाकून फिरणाऱ्याला धरतं, पण गुन्ह्याचा इरादा असेल तरच. अडचण साक्षीला येते. शपथ खऱ्या नावाने घ्यावी लागते आणि उलटतपासही होतो. ओळख लपवायची तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. याला गोळीच लागत नाही म्हटल्यावर अहवालात काय येणार ते दिसतंच आहे. म्हणून अर्ज घरच्यांच्या जिवाला असलेल्या धोक्यावर करावा, योजनेत कुटुंबीय धरलेले आहेत.