काल आईच्या पावलावर उकळती तर्री सांडली. कडेला आग होते, पण मधला पांढरा भाग दुखत नाही. म्हणजे बरं होतंय ना? (नागपूर)

नाही, उकळत्या तेलाने पांढरा पडलेला भाग दुखत नसेल तर तिथे खोलवर भाजलं असण्याची शक्यता जास्त, म्हणून आईंना आजच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात दाखवा. मी परिचारिका आहे, भाजलेल्यांचं ड्रेसिंग करते. ही समजूत रोज ऐकते. वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंची टोकं मुख्यतः आतल्या त्वचेत असतात. वरचा थर, फार तर आतल्याचा वरचा भाग भाजला, तर ती टोकं शाबूत राहून आग होते. कडेला तेच झालंय. पूर्ण जाडी जळाली की टोकंही जळतात. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथीही आतल्या थरातच असतात, नवी कातडी तिथूनच उगवते. त्या गेल्या तर जखम फक्त कडेकडून भरते, मोठी असेल तर कातडी लावावी लागते. बोटाने हलकं दाबून बघा: उथळ जखम गुलाबी, ओलसर असते, दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल होते, खोल जखम कोरडी, चामड्यासारखी, रंग न बदलणारी.

मात्र जुनी शुगर असेल तर पायाची संवेदना आधीच कमी असू शकते, तेव्हा नुसत्या दुखण्यावरून खोली ठरवू नका. शिवाय पहिल्या 2-3 दिवसांत जखम आणखी खोल जाऊ शकते. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका, फोड फोडू नका. नळाखाली 20 मिनिटं पाय धरण्याचा फायदा पहिल्या 3 तासांतच, आता स्वच्छ कापडाने सैलसर झाकून निघा.