घरचा रियाज : तबला, डग्गा आणि सहा वर्षांची बोटं

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. पाच महिने तबल्याच्या क्लासला जाते. क्लासमध्ये रमते, घरी मात्र दहा मिनिटांत 'हात दुखतो' म्हणून उठते. कंटाळा समजायचा की खरंच दुखत असेल? (सांगली)

उत्तर : खरंच दुखतंय असं धरून चाला. घरी बहुतेक वेळा मोठ्यांचाच जोड मुलांपुढे मांडलेला असतो. मोठ्यांच्या डग्ग्याचं (डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याचं) तोंड नऊ-सव्वानऊ इंचांचं. 'घे' हा बोल वाजवताना मनगट पुडीवर (तोंडावरच्या कातड्यावर) टेकून बोटं शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) पलीकडे पडावी लागतात, आणि सहा वर्षांचा हात तिथवर पोचत नाही. मग मूल मनगट उचलून वरून थापट्या मारतं. 'घे'च्या जागी 'भद्द' येतो आणि दुखणं कोपरापर्यंत चढतं. आठ-साडेआठ इंची डग्गा बघा. तबला सव्वापाच इंची, चढ्या पट्टीचा चालेल.

मग बैठक बघा. तबला दहा-अकरा इंच उंच, खाली चुंबळ. मांडी घालून बसलेल्या लहान मुलीच्या तो छातीशी येतो आणि तिचे खांदे कानांकडे जातात. तिला बसायला दोन इंची पाट किंवा सतरंजीची घट्ट घडी द्या. उशी नको, ती खचते. कोपर पुडीच्या किंचित वर आलं की पुरे.

आता तिचा 'ना' जवळून बघा. अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली हवी. तर्जनी चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) पडून लगेच सुटायला हवी. अनामिका दाबली की आवाज मरतो, उचलली की नुसता घुमतो. तर्जनी चाटेवर रेंगाळली तर 'टक्' एवढंच ऐकू येतं. मुलांना वाटतं जोर कमी पडला, म्हणून ती आणखी जोरात मारतात, आणि बोट दुखायला लागतं ते इथेच. (पावसाळ्यात पुडी सैल पडून आवाज उतरतो, तेव्हाही मुलं स्वतःलाच चूक समजतात. गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या कातडी वेणीवर) हातोडीने वरून हलके ठोके देत स्वर चढवून घ्या. हे काम मोठ्यांचं. हातोडी शाईला लागू देऊ नका, ओला हातही नको.)

रियाज सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. त्यातली पहिली तीन मिनिटं तबल्याला हात लावायचा नाही. नुसती पढंत : तीनतालाच्या 16 मात्रा तोंडाने म्हणायच्या, 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला खाली (टाळी न देता हात बाजूला). जे तोंडात बसलं नाही ते बोटांत येत नाही. मग 'धा धा ते टे, धा धा तू ना', मिनिटाला 60 मात्रा, मात्रेला एक अक्षर. 'धा धा' पळतं आणि 'ते टे'वर गाडी अडते, कारण 'टे' एकट्या तर्जनीवर येतो. अडलं की मूल पुन्हा पहिल्या 'धा'पासून सुरू करतं. त्यामुळे सुरुवात घासूनपुसून लख्ख होते आणि मधलं कच्चंच राहतं. लय 50 वर आणा, फक्त 'ते टे' वीसदा वाजवून घ्या, मग ओळीत परत बसवा. सगळं पहिल्यापासून न गिरवता बिघडलेली दोन अक्षरं शोधून तेवढीच दुरुस्त करायची, ही सवय सहाव्या वर्षी लागली तर तबला पुढे सुटला तरी फुकट गेला असं आम्ही म्हणणार नाही.

प्रश्न : वाद्य शिकलं की मुलांचा मेंदू तल्लख होतो, गणित सुधारतं म्हणतात. कितपत खरं? (नाशिक)

उत्तर : ही हवा तयार झाली ती 1993 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलेल्या एका छोट्या प्रयोगावरून. तो झाला होता कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांवर. त्यांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकला, वाजवला नाही, आणि आकृत्यांच्या कोड्यांतली त्यांची सुधारणा पाव तासात ओसरली. लहान मुलांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. टोरांटोत 144 सहा वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग (2004) जास्त कामाचा. कीबोर्ड किंवा गाणं शिकणाऱ्यांचा बुद्ध्यांक वर्षभरात सरासरी सात गुणांनी वाढला, बाकीच्यांचा चारएक गुणांनी. म्हणजे फरक तीनच्या आत. शिवाय नाटक शिकलेली मुलं चारचौघांत वागण्याबोलण्यात पुढे गेली, संगीतवाली तिथे नाही! पुढे अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा संगीताची तुलना दुसरं काही शिकणाऱ्या मुलांशी केली की फायदा जवळजवळ उरला नाही. गणितासाठी गणितच करून घ्या. वाद्याने कान तयार होतो, हात तयार होतो, दुसऱ्याच्या लयीत थांबून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायची सवय लागते. तेवढ्यासाठी घालणार असाल तर जरूर घाला.

प्रश्न : क्लासमधली सगळी मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' या पहिल्या परीक्षेला बसताहेत. आमचा मुलगा सात वर्षांचा. बसवावं का? (डोंबिवली)

उत्तर : बाकीची बसतात म्हणून नको. घरीच पारखा. लेहरा (ताल दाखवणारी, फिरून फिरून येणारी धून) लावून तीनतालाची तीन आवर्तनं (16 मात्रांचे फेरे) ठाय म्हणजे मूळ संथ लयीत, तीन दुगुनीत म्हणजे दुप्पट वेगात आणि पुन्हा ठायीत वाजवायला सांगा. दुगुन बहुतेकांना जमते. परत ठायीत येताना मुलं घसरतात, लय मधेच कुठेतरी लटकते. तिथे तो सावरत असेल तर फॉर्म भरा. नसेल तर परीक्षा वर्षातून दोनदा असते, पुढच्या सत्राला बघू.