‘कंपन्यांनीच लपवलं, मग मुलाला गोळी देऊ कशी?’

नैराश्यावरची गोळी सुरू झाली की घरोघरी हा प्रश्न उठतो आणि माझ्यापर्यंत तो वरचेवर येतो. विचारणाऱ्याला बहुधा ‘असं काही नसतं, डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ असं सांगून गप्प बसवलेलं असतं. ते उत्तर खरं नाही. या गोळ्यांचे धोके खरंच लपवले गेले होते.

एकोणीस वर्षांच्या मुलाची आई आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बसल्याबसल्या त्यांनी पर्समधून घडी घातलेला पातळ कागद काढला. औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक. एका चौकटीखाली पेनानं दोनदा रेघ ओढलेली: चोवीस वर्षांपर्यंतच्या रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

“इतकी वर्षं हे कुणी दाबून ठेवलं होतं, मॅडम?”

मी त्यांना सगळं सांगितलं. पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची किशोरवयीन मुलांवर ‘स्टडी ३२९’ नावाची चाचणी झाली. २००१ मध्ये छापलेल्या लेखात औषध गुणकारी आणि मुलांना सहज सोसणारं ठरवलं. आत्महत्येच्या विचारांच्या आणि प्रयत्नांच्या घटना ‘भावनिक अस्थिरता’ अशा गुळमुळीत नावाखाली घातल्या होत्या. २०१५ मध्ये तीच आकडेवारी इतर संशोधकांनी पुन्हा तपासली, तेव्हा औषधाचा उपयोग दिसला नाही, अपाय मात्र दिसला. त्याआधी २०१२ मध्ये ते औषध बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीनं अमेरिकेत गुन्हा कबूल करून ३ अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं होतं. त्या प्रकरणात इतर औषधंही होती, पण अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पॅरॉक्सेटिन खपवणं हा त्यातला एक ठळक आरोप होता.

हे एकट्या कंपनीचं नव्हतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या, नैराश्यावरच्या बारा औषधांच्या ७४ चाचण्या तपासल्या गेल्या. नियामकाच्या मते यशस्वी ठरलेल्या ३८ पैकी ३७ छापून आल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नव्हत्या आणि ११ यशस्वी वाटतील अशा बेतानं छापल्या होत्या.

“म्हणजे मी उगाच घाबरत नव्हते.”

“नव्हता. तुमचा राग रास्त आहे. पण आता ती चौकट नीट वाचू.”

अमेरिकेत ही चौकट २००४ मध्ये मुलांसाठी आली आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवली गेली. तिच्यामागचे आकडे असे: औषध नसलेल्या साखरेच्या गोळीशी तुलना करता, आत्महत्येचे विचार वा तशी कृती दर हजारी अठराच्या आत १४ नं जास्त, १८ ते २४ वयात ५ नं जास्त, २५ ते ६४ मध्ये १ नं कमी आणि पासष्टच्या पुढे ६ नं कमी. मुलांच्या त्या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नव्हती. आणि नैराश्यावर उपचारच केले नाहीत, तर धोका आजारातच आहे.

“पण गोळी पूर्ण सुरक्षित असलीच पाहिजे ना!”

माझं काम बरेचदा या ‘च’पाशी सुरू होतं. ‘सुरक्षित असावी’ म्हणणारा माणूस चौकशी करतो, लक्ष ठेवतो. ‘असलीच पाहिजे’ म्हणणारा एक तर डोळे मिटतो, नाहीतर गोळ्या फेकून देतो. या आई गोळ्या फेकण्याच्या वाटेवर होत्या. उद्यापासून गोळी बंद, असं त्यांनी ठरवलंही होतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “मुलानं हा कागद वाचला का?”

बराच वेळ त्या कागदाची घडी उलगडत, घालत राहिल्या. “खोक्यातून मीच काढून घेतला. घाबरेल म्हणून.” मग स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे मीही लपवलंच की.”

मी घाईनं समजूत घातली नाही. कंपनीनं खपासाठी लपवलं, आईनं मायेपोटी. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर फरक उरत नाही. उद्या आतून तगमग सुरू झाली, तर ती गोळीची असू शकते हे त्याला कळणारच नाही. ‘मीच बिघडलोय’ असं समजून तो कुणाशी बोलणार नाही, आणि खरा धोका त्या न बोलण्यात आहे.

त्या रात्री दोघांनी कागद एकत्र वाचला. पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस काय पाहायचं, ते मी लिहून दिलं होतं: एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या, झोप अचानक उडणं, एरवी नसलेली चिडचिड, मरणाची भाषा. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मरणाची भाषा असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि थेट दवाखाना गाठायचा.

गोळी मनानं बंद करायची नाही, हे मात्र मी तीनदा बजावलं. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं अंगातून लवकर उतरतात. एकदम थांबवली तर काही दिवसांतच चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, विचित्र स्वप्नं सुरू होऊ शकतात, आणि घरचे समजतात आजार उलटला. फ्लुओक्सेटिन हे तसंच दुसरं औषध सावकाश उतरतं. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्यानं कमी करतात, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात लहान हवेत: २० वरून १० मिलिग्रॅमवर येताना मेंदूवरचा परिणाम थोडाच घटतो, १० वरून शून्यावर जाताना बराच.

पुढे डोस वाढवल्यावर पाचव्या दिवशी मुलगाच आईकडे आला. “आई, पाय स्थिर राहत नाहीयेत. त्या कागदातलंच आहे बहुतेक.” फोन तासाभरात गेला. डॉक्टरांनी डोस पुन्हा आधीच्या मात्रेवर आणला.