उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष यांतील फरक टक्क्यांत कसा काढावा?

प्रश्न: मी दरमहा एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक विभागाचे उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष आकडा अशी नोंद करतो. बी स्तंभात उद्दिष्ट, सी स्तंभात प्रत्यक्ष आकडा आणि डी स्तंभात टक्केवारी असते. उद्दिष्ट ४०० आणि प्रत्यक्ष ४६० असताना माझ्या सूत्राने १३.०४ टक्के वाढ दाखवली. सहकाऱ्याच्या मते ती १५ टक्के आहे. काही ओळींत भागाकाराची चूक दिसते. शेवटच्या ओळीत मी सर्व टक्केवाऱ्यांची सरासरी घेतो, ते योग्य आहे का?

उत्तर: आपले सहकारी बरोबर आहेत. ६० चा फरक आपण ४६० ने, म्हणजे प्रत्यक्ष आकड्याने भागला आहे. परंतु मोजायचे आहे ते उद्दिष्टापासूनचे अंतर, त्यामुळे छेदस्थानी उद्दिष्टच हवे. दुसऱ्या ओळीसाठी सूत्र असे होईल: बरोबर चिन्ह, कंसात सी२ वजा बी२, कंस पूर्ण, भागिले बी२. येथे कंस अनिवार्य आहे, कारण स्प्रेडशीट वजाबाकीच्या आधी भागाकार करते. कंस गाळल्यास बी२ ला बी२ ने भागून येणारा १ हा सी२ मधून वजा होतो आणि उत्तर ४५९ येते. सूत्र लिहून झाल्यावर सेलला टक्केवारीचे स्वरूप द्यावे, म्हणजे ०.१५ हा आकडा १५ टक्के असा दिसेल. सूत्रातच १०० ने गुणून वर टक्केवारीचे स्वरूपही दिले, तर १५०० टक्के दिसतात. ही चूक फार वेळा आढळते.

भागाकाराची चूक येते ती उद्दिष्ट शून्य असलेल्या किंवा उद्दिष्टाचा सेल रिकामा असलेल्या ओळींत. शून्याशी तुलना टक्क्यांत होऊच शकत नाही, म्हणून ‘इफ’ फंक्शनने बी२ शून्य आहे का हे तपासावे, असल्यास सेल रिकामा दिसू द्यावा आणि नसल्यास वरील भागाकार करावा. ‘इफएरर’ने सर्व चुका एकदम झाकता येतात, पण मी ते सुचवणार नाही, कारण आकड्याऐवजी चुकून मजकूर टाइप झाला असेल, तर तेही त्याखाली दडून जाते. याउलट, प्रत्यक्ष आकडा अजून भरलेला नसेल, तर सूत्र कोणतीही तक्रार न करता उणे १०० टक्के दाखवते. महिना संपण्यापूर्वी तक्ता पाहणाऱ्याचा त्यामुळे विनाकारण गैरसमज होतो, म्हणून सी२ रिकामा आहे का, हीदेखील अट घालावी.

आपल्या तिसऱ्या शंकेकडे मात्र विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. समजा, एका विभागाचे उद्दिष्ट ४०० आणि प्रत्यक्ष ४६०, तर दुसऱ्याचे उद्दिष्ट ५० आणि प्रत्यक्ष ३० आहे. पहिला १५ टक्क्यांनी पुढे आणि दुसरा ४० टक्क्यांनी मागे आहे. या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी उणे १२.५ येते, म्हणजे एकंदर काम मागे पडले असे दिसते. प्रत्यक्षात एकूण उद्दिष्ट ४५० आणि एकूण साध्य ४९० असल्यामुळे काम सुमारे ८.८९ टक्क्यांनी पुढे आहे. साध्या सरासरीत ५० च्या उद्दिष्टाला ४०० च्या उद्दिष्टाइतकेच वजन मिळते, आणि निष्कर्षाची दिशाच उलटते. तेव्हा शेवटच्या ओळीत बी आणि सी या दोन्ही स्तंभांची ‘सम’ फंक्शनने बेरीज घ्यावी आणि त्या बेरजांवर वरचेच सूत्र चालवावे.

प्रश्न: आमच्या तक्त्यात उद्दिष्ट उणे २०० (तोटा) होते आणि प्रत्यक्ष उणे १५० आले. तोटा कमी होऊनही स्प्रेडशीट उणे २५ टक्के दाखवते. असे का?

उत्तर: फरक अधिक ५० आहे, पण त्याला उणे २०० ने भागल्यामुळे चिन्ह बदलते. छेदातील उद्दिष्ट ‘अ‍ॅब्स’ या फंक्शनमध्ये ठेवल्यास त्याचे केवळ मूल्य घेतले जाते आणि उत्तर अधिक २५ टक्के येते. तथापि, उद्दिष्ट शून्याच्या अगदी जवळ असेल, उदाहरणार्थ उणे १० आणि प्रत्यक्ष ९०, तर उत्तर १००० टक्के येते. गणित चुकलेले नसले तरी त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. अशा ओळीत टक्केवारी न देता १०० हा मूळ फरकच लिहावा. खर्चाच्या ओळींत अधिक चिन्हाचा अर्थ उद्दिष्टापेक्षा जास्त खर्च झाला असा होतो, म्हणून त्या ओळी उत्पन्नापासून वेगळ्या ठेवाव्यात. आकडे मुळातच टक्क्यांत असतील, जसे उद्दिष्ट ८० टक्के आणि प्रत्यक्ष ८४ टक्के, तर फरक ४ टक्केबिंदूंचा आहे आणि उद्दिष्टाच्या तुलनेत वाढ ५ टक्के आहे; यांपैकी कोणता आकडा दिला आहे, हे स्तंभाच्या शीर्षकातच लिहावे.