१९७८ च्या बी-२७५ ट्रॅक्टरचे दीड लाख मागतायत, योग्य किंमत किती?

तुम्ही ऐरोलीत राहता, मुरबाडच्या शेतघरी ठेवायला जुना ट्रॅक्टर घेऊन तो मूळ रूपात आणायचाय, आणि मालक दीड लाखावर अडून बसलाय. मला ही किंमत जास्त वाटते. का, ते सांगते.

भिवंडीजवळ माझ्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. जुन्या ट्रॅक्टरचा भाव ते नेहमी खालून वर मोजायचे. आधी भंगारात किती येईल? बी-२७५ साधारण सोळाशे किलोचा. किलोला ३० रुपये धरले तर ४८,०००. त्याच्या वरचा प्रत्येक रुपया मालकाने चालवून दाखवून मिळवायचा.

सकाळी जा आणि ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. कोमट लागलं तर थंड इंजिन नीट सुरू होत नाही, असंच धरून चाला. सुरू झाल्यावर निळा धूर थांबत नसेल, तेलाचं झाकण काढल्यावर तिथूनही भकाभक धूर येत असेल, तर लायनर-पिस्टन, म्हणजे इंजिनाच्या आतले झिजणारे भाग, गेलेत. नांगर लिफ्टवर, म्हणजे मागच्या अवजार उचलणाऱ्या दांड्यांवर, उचलून इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटांत तो खाली बसला तर लिफ्टचंही काम आहे. दोन्हींचा खर्च मिस्त्रीकडून काढून किमतीतून वजा करा.

पण तुमच्यासाठी इंजिन ही मोठी अडचण नाही. हा ट्रॅक्टर कांदिवलीला बनायचा. तो बनवणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली, पण मॉडेल पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं, म्हणून लायनर, पिस्टन, गॅस्केट आजही मिळतात. मिळत नाही तो पत्रा. मूळ बोनेट, पुढची जाळी, मडगार्ड, मीटर. शेतकरी हे बघत नाही, त्याला चिखलणी उरकायची असते. तुम्ही मात्र आधी तेच बघा. पत्रा पूर्ण आणि मूळ असेल तर थकलेलं इंजिनही चालेल. नव्या रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर इंजिन कितीही गोड वाजो, मी जास्त पैसे देणार नाही. बोनेटवर लोहचुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी आहे.

ट्रॅक्टर आधी कुठे राबला, तेही खोदून विचारा. खाडीची रेती ओढलेला असेल तर रिम आणि मडगार्ड आतून मिठाने खाल्लेले असतात. वीटभट्टीवर ट्रॉली ओढलेल्याचे क्लच-ब्रेक थकलेले असतात. भातखाचरातल्याचं मागच्या अ‍ॅक्सलचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

कागदांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. चेसिस नंबर आरसीशी (नोंदणीच्या पुस्तकाशी) स्वतः जुळवा, फोटोवर विसंबू नका. एमएच मालिका १९८९ ला आली. त्याआधी एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. १९७८ चा म्हणून सांगतात आणि नंबर एमएच-०५ असेल तर नोंदणी पुन्हा कधी झाली, ते विचारा. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, नूतनीकरण झालंय का, तेही बघा.

आणि ‘व्हिंटेज’ म्हणून एक रुपयाही वर देऊ नका. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणी आणली, ती दुचाकी आणि मोटारींसाठी. ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही.

मी असते तर ८०,००० पासून बोलायला सुरुवात केली असती. पत्रा मूळ, मागचे टायर निम्म्याहून जास्त शिल्लक आणि कागद चोख असतील तर १,१०,००० पर्यंत गेले असते. आरसीच नसेल तर भंगाराच्या भावावर पाच-सात हजार, त्यापुढे नाही.